कुळागरातल्या तळीचं पाणी फोंड्यातून बघायचंय: पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तरी बाहेरून काहीच उघडत नाही

सावईची लेक · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी फोंड्याला उच्च माध्यमिकात भौतिकशास्त्र शिकवते. माहेर सावईवेऱ्याला. घराखाली कुळागर आहे: पोफळी, केळी, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली. बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि आई गेल्यापासून तिथं एकटेच राहतात. कामाला एक जोडपं येतं, पण ते संध्याकाळी घरी परततं.

मे महिन्यात झर बारीक होते आणि तळी भरायला रात्र लागते. पाणी पुरेसं नसताना पंप लावला तर तो कोरडा फिरून जळतो. एकदा जळलाय. म्हणून बाबा पहाटे बॅटरी घेऊन त्रेचाळीस पायऱ्या उतरतात, पाणी किती आलंय ते बघतात, परत चढतात. पायऱ्यांवर पोफळीच्या झावळ्या पडलेल्या असतात, त्याखाली काय बसलंय ते दिसत नाही. मागच्या महिन्यात ते घसरले. नशिबानं गुडघ्यावर निभावलं.

बारावीच्या माझ्या चार मुलांनी प्रकल्प म्हणून तळीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला. पंपाच्या खोपीत ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी चिप) आहे, तो वायफायवरून घरातल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला आकडा पाठवतो आणि पायवर एक साधं पान दिसतं: 'तळी १३४ सेंमी'. घरात बाबा ते मोबाईलवर बघतात. मला तेच पान फोंड्यातून बघायचंय, आणि जमलं तर आवारातले चार कॅमेरेही. कॅमेऱ्याच्या कंपनीनं आपली मोफत सेवा बंद केल्यापासून ते बाहेरून दिसतच नाहीत.

रचना अशी. फायबर येतो तो कंपनीच्या पांढऱ्या डब्यात, तो पडवीत आहे. चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे आत वायफाय पोचत नाही, म्हणून चौकात आमचा स्वतःचा टीपी-लिंक राउटर, पांढऱ्या डब्याला केबलनं जोडलेला. पायचा पत्ता १९२.१६८.०.५०, पान ८०८० पोर्टवर (यंत्राचं त्या क्रमांकाचं दार). कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर १९२.१६८.०.६० वर.

टीपी-लिंकमध्ये ८०८० पोर्ट पायकडे वळवला, ८० आणि ८००० रेकॉर्डरकडे. मोबाईल डेटा चालू करून बाहेरचा पत्ता आणि ८०८० टाकला. चक्र फिरत राहतं आणि शेवटी 'टाइम आउट'. मग एका व्हिडिओत पाहून पांढऱ्या डब्याची फायरवॉल 'हाय'वरून 'लो'वर आणली. टीपी-लिंकमध्ये डीएमझेड चालू करून त्यात रेकॉर्डर घातला. यूपीएनपी (घरातल्या यंत्रांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) चालूच आहे. तरीही तेच.

कुठला नियम राहिला? पायवर वेगळा इनबाउंड नियम लागतो का? उत्तर देताना 'का' तेही सांगा, कारण सोमवारी मुलं मला तेच विचारणार आहेत.

शुक्रवारचा बाजार · रविवार, रात्री १०.१५

कंपनीला फोन करून स्टॅटिक आयपी मागा. तो मिळाला की डीएमझेडमध्ये रेकॉर्डर ठेवा, बाकी काही करू नका. एकेक पोर्ट वळवत बसायची गरज नाही. म्हापश्याच्या बाजूला आठ-दहा घरांत मी असंच करून दिलंय, सगळीकडे चालतं.

खाजनकाठ · रविवार, रात्री ११.२०

ताई, बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल, पण झोपण्याआधी टीपी-लिंकमधला डीएमझेड आणि यूपीएनपी बंद करा आणि पांढऱ्या डब्याची फायरवॉल परत 'हाय'वर न्या. आज त्यानं काही बिघडलेलं नाही, पण ज्या दिवशी तुमचं कनेक्शन बाहेरून पोचण्याजोगं होईल त्या दिवशी हेच तीन बदल अंगाशी येतील.

आता 'का'. मी चोडणचा. आमच्या खाजनाच्या, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या शेताच्या, बांधाला मानस (पाण्याचं दार) असते. ओहोटीला आतलं पाणी मानशीचं दार ढकलून नदीत जातं, आणि भरती आली की नदीचंच पाणी ते दार दाबून बंद करतं. दारावर कुणी उभं राहावं लागत नाही. तुमचा राउटर तसाच बनवलेला आहे. आतून बाहेर जाणाऱ्याला तो जाऊ देतो, बाहेरून आपणहून येणाऱ्याला अडवतो. एक गोष्ट मात्र तो मानशीपेक्षा जास्त करतो: आतून कोण कुणाकडे गेलं त्याची तो नोंद ठेवतो, आणि त्याच नोंदीचं उत्तर परत आलं तर तेवढं आत घेतो. म्हणून नियम न लिहिताही तुमच्या घरात बातम्या वाचता येतात. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बांधाला मुद्दाम एक भोक पाडून त्याला नळी लावणं: बाहेरून अमुक क्रमांकावर जे येईल ते आतल्या अमुक यंत्राकडे. डीएमझेड म्हणजे ज्याला दुसरा नियम नाही असं सगळं, पासष्ट हजारांवर पोर्ट, एकाच यंत्राच्या अंगावर सोडणं. शुक्रवारबाब, चालतं हे खरं, म्हणूनच लोक तसं करतात. पण त्या आठ-दहा घरांत एकदा परत जाऊन या, एवढी कळकळीची विनंती.

मी हे का म्हणतो ते सांगतो. २०१६ साली उत्तर गोव्यातल्या एका छोट्या गेस्ट हाऊसचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) मी असाच उघडा ठेवला होता. डीएमझेड, आणि पासवर्ड खोक्यातून आला तोच. पावसाळ्याच्या शेवटी मालकाचा फोन आला, नेट रांगतंय, पाहुणे कुरकुरतायत. जाऊन बघतो तर डीव्हीआर सतत बाहेर काहीतरी ओतत होता. प्लग काढून परत लावला की शांत, आणि दहा मिनिटांत पुन्हा सुरू. 'मिराई' नावाचा किडा नेमका असाच वागायचा: तो यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहायचा, बंद केलं की जायचा, आणि दार उघडंच असल्यामुळे लगेच परत यायचा. कारखान्यातून येणारे साठेक नाव-पासवर्ड त्याच्याकडे पाठ होते, तेवढेच तो दारोदार लावून बघायचा. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच कॅमेऱ्यांच्या आणि डीव्हीआरच्या फौजेनं साइटच्या नावांवरून पत्ते सांगणाऱ्या 'डिन' या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळल्या. मला मात्र त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्या घरातल्या पाहुण्यांचं येणंजाणं टिपणारा कॅमेरा मी माझ्या हातानं उघड्यावर ठेवला होता. त्या मालकानं माझ्यावर विश्वास टाकला होता. तेव्हापासून मी एकही कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडलेला नाही.

'सावईवेऱ्याचं कुळागर कोण शोधत येणार?' असं वाटेल. शोधत कुणी येत नाही, सगळ्यांचीच दारं ठोठावली जातात. 'झेडमॅप' हे साधन २०१३ मध्ये आलं. चांगली जोडणी असेल तर ते एका पोर्टसाठी जगभरचे आयपीव्ही४ पत्ते पाऊण तासाच्या आत तपासून होतं. म्हणून ८०८० ऐवजी ४८०८० केल्यानंही लपत काही नाही.

आता तुमचं का चालत नाही. 'टाइम आउट' हा मोठा सुगावा आहे. यंत्रापर्यंत पोचून तिथं त्या पोर्टवर कुणी ऐकत नसेल तर साधारणपणे लगेच 'नकार' येतो. नुसतं चक्र फिरत राहणं म्हणजे वाटेत कुणीतरी निरोप चुपचाप टाकून देतंय. कोण टाकतंय ते शोधायला दोन पत्ते वाचा. टीपी-लिंकच्या स्टेटस पानावर 'इंटरनेट' किंवा 'वॅन' (बाहेरची बाजू) खाली काय लिहिलंय ते बघा. माझा अंदाज, १९२.१६८.१.काहीतरी. म्हणजे त्याच्यापुढे पांढरा डबा दुसरा नॅट (आतले अनेक पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे बसवणं) करतोय. तुमचे सगळे नियम आतल्या दारावर आहेत आणि बाहेरच्या दाराला त्यांचा पत्ताच नाही. मग पांढऱ्या डब्याच्या पानावर त्याचा 'वॅन' पत्ता बघा आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवरच्या पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही सारखे असले तर चांगलं. वेगळे असले, आणि डब्यावरचा १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असला, तर तिसरं दार खुद्द कंपनीत आहे. तिथं तुम्हाला किल्ली नाही. बघून कळवा.

पायवरच्या नियमाबद्दल विचारलंत ते बरोबर विचारलंत, पण आधी हे.

सावईची लेक · सोमवार, संध्याकाळी ७.०५

डीएमझेड, यूपीएनपी बंद. 'हाय' केलं. रेकॉर्डरचा पासवर्डही खोक्यातलाच होता, तो रात्रीच बदलला. बाबांना फोनवर सांगून बदलायला पाऊण तास लागला, पण बदलला.

आज शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन सावईला गेले. टीपी-लिंकचा वॅन १९२.१६८.१.२. पांढऱ्या डब्याचा वॅन १००.७२ ने सुरू होणारा. साइटवर दिसतो तो १०३ ने सुरू होणारा. म्हणजे तीनही दारं. मुलांनी फळ्यासारखं पडवीतल्या लादीवर खडूनं काढलं, मग एकेकीनं डोळे विस्फारले.

कंपनीतही नॅट कशासाठी?

खाजनकाठ · सोमवार, रात्री ९.३०

पत्ते संपले म्हणून. आयपीव्ही४ चे सगळे मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. मग कंपन्यांनी अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवायला सुरुवात केली. घरच्या १९२.१६८ शी गल्लत होऊ नये म्हणून २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ ही पट्टी खास त्या कामासाठी राखून ठेवली. तो १००.७२ तिथला. तुमचा १०३ वाला पत्ता तुमचा नाही, तुमच्यासारख्या कितीतरी घरांचा मिळून आहे. बाहेरून त्यावर ८०८० ठोठावला तर कंपनीच्या यंत्राला कळत नाही की हा कुणासाठी, म्हणून ते टाकून देतं. तुम्ही काहीही चुकला नव्हता, तुमचे नियम कुणी वाचतच नव्हतं.

डिचोलीचा पोर · सोमवार, रात्री ९.५०

ताई, मग पोर्ट उघडायचाच कशाला? पायवर 'टेलस्केल' (आपल्या यंत्रांना खासगी जाळ्यात जोडणारी सेवा) टाका, तुमच्या मोबाईलवर टाका, एकाच खात्यानं लॉग-इन करा. दोन्हीकडून आतून बाहेर जोडणी जाते, त्यामुळे तीन काय दहा नॅट असले तरी चालतं. माझ्या मामाच्या दुकानात असंच आहे, राउटरला हातही लावला नाही. दुसरं, आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, मोठी पद्धत) मिळतंय का तेही बघा. तिथं पत्त्यांची टंचाई नाही, पायला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो.

खाजनकाठ · सोमवार, रात्री १०.२५

पोर बरोबर सांगतोय. कंपनी सार्वजनिक पत्ता द्यायला तयार नसेल तर मी स्वतः टेलस्केलच टाकेन, आणि सुरक्षिततेत त्यात उणं काही नाही.

आयपीव्ही६ बद्दल एक लक्षात ठेवा: तिथं वळवावं लागत नाही, कारण नॅटच नाही. तिथं फक्त फायरवॉलचा इनबाउंड नियम असतो, 'या पत्त्याच्या या पोर्टवर येऊ द्या'. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू असेल तोवर मानस बंद असते. कंटाळून कुणी ती पूर्ण बंद केली की घरातलं प्रत्येक यंत्र आपापल्या पत्त्यानिशी बाहेर उभं राहतं. वळवणं आणि येऊ देणं ही दोन वेगळी कामं आहेत. घरगुती राउटर पोर्ट वळवला की येऊ देण्याचा नियम आपणच लिहितात, म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. सगळे नियम हातानं लिहावे लागणाऱ्या राउटरवर बसलात की फरक कळतो.

सार्वजनिक पत्ता मिळाला तर मात्र असं करा. कंपनीला सांगून पांढरा डबा ब्रिज मोडमध्ये (नुसता पूल, स्वतः नॅट न करणारा) घालून घ्या आणि पीपीपीओईचं (कंपनीशी जोडणी करण्याचं) नाव-पासवर्ड टीपी-लिंकमध्ये भरा. तीन दारांचं एकच दार होईल. जुने तिन्ही नियम काढून टाका. त्या जागी एकच: यूडीपी (निरोप पाठवायच्या दोन मुख्य पद्धतींपैकी एक, दुसरी टीसीपी), ५१८२०, पायकडे. 'ऑल' निवडू नका, यूडीपीच. पायवर 'वायरगार्ड' (बाहेरून घरापर्यंत कुलूपबंद बोगदा बनवणारं साधन) बसवा, 'पायव्हीपीएन' हे साधन ते सगळं विचारत विचारत करून देतं. मोबाईलवर वायरगार्डचं ॲप टाकून क्यूआर कोड दाखवला की किल्ल्यांची देवाणघेवाण झाली. मग तुम्ही फोंड्यात बसून आधी बोगद्यातून घरात शिरता आणि घरातल्यासारखं पान बघता, कॅमेरे बघता. कॅमेरा बाहेरच्या जगाला दिसतच नाही.

पायचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा, नाहीतर उद्या ५० चा ५३ होईल आणि नियम रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहील.

आणि तुमचा मूळ प्रश्न, पायवरचा इनबाउंड नियम: हो, लावा. राउटर हे बांधावरचं दार, पायची फायरवॉल हे खोलीचं दार. 'यूएफडब्ल्यू' ही फायरवॉल बसवा. येणारं सगळं बंद, ५१८२० यूडीपी कुठूनही चालेल, ८०८० आणि एसएसएचचा (दुरून पाय चालवण्याच्या सोयीचा) २२ फक्त घरातून आणि बोगद्यातून. क्रम सांभाळा: आधी २२ चा नियम, मग फायरवॉल चालू. उलट केलंत तर स्वतःलाच बाहेर कोंडाल आणि पायला स्क्रीन लावायला सावई गाठावी लागेल.

सावईची लेक · शुक्रवार, रात्री ८.१५

पोरा, तुझं मनापासून पटलं. तरी मी वायरगार्डचीच वाट धरली. कॅमेऱ्याच्या वेळी एकदा दुसऱ्याच्या सेवेवर विसंबून तोंडघशी पडले आहे, आणि मुलांना निरोप कुठून कुठं जातो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. कंपनीनं वर्षाचे जादा पैसे घेऊन सार्वजनिक पत्ता दिला आणि डबा ब्रिजमध्ये घालून दिला. आता टीपी-लिंकचा वॅन आणि साइटवरचा पत्ता तंतोतंत एक. ते दोन आकडे सारखे बघून मुलींनी टाळ्या पिटल्या.

आता तीन अडचणी. एक, पोर्ट तपासणाऱ्या साइटवर ५१८२० 'बंद' दाखवतंय. दोन, मोबाईल डेटावरून तळीचं पान उघडलं (उघडलं!), पण रेकॉर्डर काही उघडत नाही. तीन, फोंड्याच्या घरच्या वायफायवर आल्यावर तळीचं पानही जातं. डेटावर आले की परत येतं. तिसरं मला अजिबात कळलेलं नाही.

खाजनकाठ · शुक्रवार, रात्री ९.१०

आनंद झाला. फेरीबोटीच्या रांगेत उभ्या उभ्या वाचलं.

पहिलं अडचण नाहीच. तसल्या साइट बहुतेक टीसीपीच तपासतात, आणि वायरगार्ड ओळखीची किल्ली नसलेल्या कुणालाही 'नाही' असंसुद्धा म्हणत नाही. तो गप्प राहतो, म्हणून बाहेरच्याला तिथं दार आहे हेच कळत नाही. तुम्ही ॲपमधला 'लेटेस्ट हँडशेक' बघा. तिथं काही सेकंदांपूर्वीची वेळ दिसली की जोडणी झाली.

दुसरं. तळीचं पान खुद्द पायवर आहे, ते पायच्या दारातून आत येतं. रेकॉर्डर पायच्या पलीकडे आहे, तिथं जायचं तर पायनं निरोप पुढं द्यायला हवा. तुम्ही पायव्हीपीएन आधी बसवलं आणि यूएफडब्ल्यू नंतर चालू केलं ना? यूएफडब्ल्यू येणाऱ्यासारखंच पुढं जाणारंही मुळात अडवतं. त्याला 'रूट अलाउ'चा एक नियम द्या: बोगद्याकडून घराच्या जाळ्याकडे जाऊ द्या. तोही फक्त रेकॉर्डरच्या पत्त्यापुरता लिहिलात तर मोबाईल हरवला तरी बाकी घर सुरक्षित.

तिसरं. फोंड्याच्या घरचा राउटरही १९२.१६८.० वालाच आहे ना? मोबाईलला १९२.१६८.०.५० हवा आहे, आणि त्याच्या दृष्टीनं तो पत्ता याच घरात, शेजारच्या खोलीत आहे. तो बोगद्याकडे कशाला वळेल? एका नावाचे दोन वाडे झाले की पत्र चुकीच्या वाड्यात जाणारच. सावईचं जाळं बदला, १९२.१६८.७७ करा. सगळ्यांचे राखीव पत्ते, पायवरचे नियम आणि मोबाईलच्या ॲपमधले 'अलाउड आयपीज' नव्यानं लिहावे लागतील. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच आहे. आणि ते सावईत घरात बसून करा, फोंड्याहून नको. ज्या फांदीवर बसलोय तीच कापायची वेळ येते.

सावईची लेक · पुढचा बुधवार, सकाळी ६.५०

शनिवारी बसून सगळं ७७ वर आणलं. रविवारी फोंड्याच्या वायफायवरून चारही कॅमेरे आणि तळी, सगळं दिसलं.

सोमवारी संध्याकाळी गडगडाट, वारा, आणि सावईची वीज चार तास गेली. आल्यावर बोगदा मेलेला. राउटर बाहेरून जिवंत, बाबांच्या मोबाईलवर नेटही चालू, पण पाय काही सापडेना. काल जाऊन बघितलं तर पाय ७७.१०१ वर बसलेला आणि नियम ७७.५० कडे बघतोय. पत्ता तर मी राखून ठेवला होता! अर्धा तास डोकं खाजवल्यावर एका मुलीच्या लक्षात आलं. राखून ठेवताना मी पायच्या वायफायचा मॅक पत्ता (जोडणीच्या भागाचा स्वतःचा क्रमांक) लिहिला होता, आणि पाय तर केबलनं जोडलेला. एकाच पायचे दोन मॅक, केबलचा वेगळा आणि वायफायचा वेगळा. शनिवारी मी पायवर हातानं ७७.५० दिला होता, तो पाय पुन्हा सुरू झाल्यावर टिकला नाही. केबलचा मॅक घालून राखून ठेवलं, मग मुद्दाम मेन स्विच पाडून परत वर केला. पाय उठला तो ५० वरच. हीच परीक्षा मी शनिवारी करायला हवी होती.

पायचा एसएसएच पासवर्ड बंद करून किल्ली घातली, टीपी-लिंकचं फर्मवेअर नवं केलं, बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद आहे याची खात्री केली. मीटरच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद डकवलाय: कुठला पोर्ट, कुणाकडे, कशासाठी, कधी उघडला. त्यावर सध्या एकच ओळ आहे.

आज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी इथूनच पान उघडलं. तळी ११८. बाबांना फोन केला. ते जागेच होते, बॅटरी हातात घेऊन पडवीत बसलेले. म्हणाले, "तुला दिसतंय ना? मग सांग, लावू पंप?" मी म्हटलं, दीडशे होऊ दे, साडेसहाला सांगते. आता साडेसहा होऊन गेलेत, तळी १५२ झाली आणि पंप लागलाय, कॅमेऱ्यात पाटातनं पाणी वळताना दिसतंय.

खाजनकाठबाब, पोरा, देव बरें करूं. शुक्रवारबाब, त्या घरांपैकी कुणाकडे पाय बसवायचा असेल तर कळवा, सुट्टीत मुलं मोकळी आहेत.

शुक्रवारचा बाजार · बुधवार, सकाळी ९.३०

कळवतो, ताई. काल दोन घरांचा डीएमझेड काढला. एका घरी पासवर्ड अजून खोक्यातलाच होता.